‘मस्टँग’ : साठ वर्षांची घोडदौड

बोरीवलीच्या परिवहन कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या ‘एमएच-४७’ मालिकेच्या मोटारींत बहुसंख्या अर्थातच चार सिलिंडरच्या, बाराशे ते पंधराशे सीसीच्या कुटुंबवत्सल गाड्यांची असते. पश्चिम द्रुतगती महामार्गावर दहिसर ते वांद्रे या पट्ट्यात रोज धावणाऱ्या, खरे तर रोज खोळंबणाऱ्या, या गर्दीत क्वचित एखादी लांब नाकाची, आखूड पाठीची, जाळीवर धावत्या घोड्याची मुद्रा मिरवणारी गाडी दिसली की आजूबाजूच्या माना वळतात. पाच लिटरच्या आठ सिलिंडर इंजिनाचा तो घोगरा हुंकार इतर कोणत्याही मोटारीशी गल्लत होऊ देत नाही. ही ‘फोर्ड मस्टँग’. अमेरिकेत १९६४ साली जन्मलेली ही मोटार भारतात अधिकृतपणे विक्रीस आली ती २०१६ साली, म्हणजे तब्बल ५२ वर्षांनी. या अर्धशतकाच्या विलंबामागे एका मोटारीचा इतिहास आहेच. शिवाय तेलाचे राजकारण, प्रदूषणाचे कायदे, आयातीचे धोरण आणि ‘स्टिअरिंग कोणत्या बाजूला’ हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्नही आहे.

सामान्यांची ‘स्पोर्ट्स’ मोटार

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस फोर्ड कंपनी ‘एडसेल’ या मोटारीच्या अपयशाने पोळली होती. अवाढव्य खर्च करून बाजारात आणलेली ही गाडी ग्राहकांनी नाकारली आणि १९५९ साली तिचे उत्पादन थांबवावे लागले. पुढच्याच वर्षी फोर्ड विभागाची सूत्रे ली आयकोका या विक्रीशास्त्रात मुरलेल्या तरुण अधिकाऱ्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी आता वाहन चालविण्याच्या वयात येत होती. या पिढीला आईवडिलांची भलीमोठी चार दरवाजांची गाडी नको होती आणि युरोपातली महागडी दोन आसनी मोटार परवडणारी नव्हती, हे आयकोका यांनी हेरले.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉटकिन्स ग्लेन येथील शर्यतीच्या मैदानावर ‘मस्टँग-१’ ही प्रायोगिक गाडी लोकांसमोर आली. ती दोन आसनी होती आणि तिचे चार सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. गाडीचे कौतुक झाले. पण दोनच माणसांची गाडी लाखांच्या संख्येने खपणार नाही, हे कंपनीने ओळखले. त्यामुळे बाजारात आलेली मस्टँग वेगळ्याच घडणीची निघाली. ‘फाल्कन’ या फोर्डच्याच स्वस्त मोटारीची चासी, इंजिन आणि इतर अनेक सुटे भाग घेऊन त्यावर नवे, देखणे शरीर चढविण्यात आले. या प्रकल्पाची तांत्रिक धुरा डोनाल्ड फ्रे यांनी सांभाळली. पुढचा भाग लांब, मागचा आखूड, चार आसने आणि पसंतीप्रमाणे निवडता येतील अशा जोडसाधनांची भलीमोठी यादी, अशी ही योजना होती.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मस्टँग प्रकाशात आली. किंमत होती २,३६८ डॉलर. त्या काळी अमेरिकेतल्या मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे साडेसहा हजार डॉलर होते. म्हणजे साडेचार महिन्यांच्या कमाईत ही मोटार घरी येत होती. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या आणि मार्च १९६६ मध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या आत, दहा लाखावी मस्टँग कारखान्याबाहेर पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मूळ मस्टँग ही अतिवेगवान मोटार नव्हती. तिच्या पायाभूत आवृत्तीत सहा सिलिंडरचे १७० क्युबिक इंचांचे, म्हणजे सुमारे २.८ लिटरचे आणि शंभरेक अश्वशक्तीचे साधे इंजिन होते. कार्यालयात काम करणाऱ्या तरुणी, महाविद्यालयीन विद्यार्थी, नवविवाहित जोडपी हा तिचा ग्राहक होता. ज्याला अधिक ताकद हवी त्याने जादा पैसे मोजून आठ सिलिंडरचे इंजिन घ्यावे, अशी सोय होती. वेगाचे आकर्षण सर्वांसाठी आणि प्रत्यक्ष वेग ऐपतीप्रमाणे, असे हे गणित होते. मस्टँगचे अनुकरण करणाऱ्या मोटारींच्या या साऱ्या वर्गालाच पुढे ‘पोनी कार’ असे नाव पडले. जनरल मोटर्सने शेवरोलेची ‘कॅमेरो’ १९६६ मध्ये उतरविली ती याच स्पर्धेपोटी.

शेल्बीचा स्पर्श

दिसायला देखणी असलेल्या या गाडीला खरी धार चढवली ती कॅरोल शेल्बी यांनी. शर्यतीच्या मैदानावर नाव कमावलेल्या आणि नंतर मोटारी घडविण्याकडे वळलेल्या शेल्बी यांच्याकडे फोर्डने मस्टँग सोपविली. १९६५ साली ‘जीटी ३५०’ अवतरली. २८९ क्युबिक इंचांच्या, म्हणजे ४.७ लिटरच्या इंजिनातून ३०६ अश्वशक्ती काढण्यात आली होती. मागचे आसन काढून टाकण्यात आले, कारण शर्यतीच्या नियमांनुसार दोन आसनी गाडीच ‘स्पोर्ट्स कार’ गणली जात होती. १९६७ मध्ये ‘जीटी ५००’ आली. तिचे इंजिन ४२८ क्युबिक इंचांचे, म्हणजे सात लिटरचे होते.

१९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी मस्टँग पिटाळली आणि या मोटारीचे रूपांतर दंतकथेत झाले. चित्रीकरणात वापरलेल्या त्या गाडीला जानेवारी २०२० मधील लिलावात शुल्कासह ३७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. १९६९-७० च्या ‘बॉस ३०२’ आणि ‘बॉस ४२९’ या आवृत्त्या म्हणजे या पहिल्या पर्वाचा कळस होय.

तेलाचा चटका

कळसानंतर उतार आला. १९७१ ची मस्टँग आकाराने आणि वजनाने इतकी वाढली की मूळच्या सडपातळ गाडीशी तिचे नाते सांगणे कठीण झाले. इतक्यात तीन आघात एकामागून एक झाले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरातील विषारी घटकांवर कडक मर्यादा आणल्या. शक्तिशाली मोटारींच्या तरुण मालकांकडून विमा कंपन्या अवाच्या सवा हप्ते मागू लागल्या. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखल्याने अमेरिकेतील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या.

योगायोग असा की, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सप्टेंबर १९७३ मध्ये, फोर्डने ‘मस्टँग-२’ विक्रीस आणली होती. ‘पिंटो’ या छोट्या मोटारीशी नाते सांगणारी ही गाडी आकाराने लहान होती आणि पहिल्या वर्षी तर तिला आठ सिलिंडरचे इंजिनच दिले नव्हते. शौकिनांनी तिची कुचेष्टा केली, आजही करतात. पण आकडे वेगळेच सांगतात. १९७३ मध्ये मस्टँगचा खप सुमारे १ लाख ३५ हजारांपर्यंत घसरला होता. मस्टँग-२ च्या पहिल्याच हंगामात तो ३ लाख ८५ हजारांच्या पुढे गेला. पुढे आठ सिलिंडरचे इंजिन परत आले खरे. परंतु पाच लिटरच्या त्या इंजिनाची ताकद दीडशे अश्वशक्तीच्याही आत होती. ज्या आवृत्तीची सर्वाधिक टिंगल झाली, तिनेच हे नाव संकटकाळात तगवले, हे नाकारता येत नाही. याच काळातील प्रतिस्पर्ध्यांपैकी अनेक गाड्या बंद पडल्या.

पत्रांनी वाचविलेली मोटार

१९७९ च्या तिसऱ्या पिढीला तिच्या सांगाड्यावरून ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. हलके वजन, कोनीय रेषा आणि टर्बोचार्जर बसविलेले २.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन ही तिची सुरुवातीची ओळख. मात्र ऐंशीच्या दशकात पेट्रोल पुन्हा स्वस्त झाले, इंधनाची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित होऊ लागली आणि आठ सिलिंडरच्या इंजिनाला नवे आयुष्य मिळाले. १९८७ मध्ये पाच लिटरचे इंजिन २२५ अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. कमी किमतीत मुबलक ताकद देणारी ही गाडी तरुणांच्या गळ्यातला ताईत बनली.

तरीही तिच्यावरचे सर्वांत मोठे गंडांतर याच दशकात आले. इंधनटंचाईच्या आठवणी ताज्या असताना फोर्डने मस्टँगची पुढची पिढी माझदा या जपानी कंपनीच्या साहाय्याने, पुढच्या चाकांना ताकद देणारी आणि आठ सिलिंडरचे इंजिन नसलेली, अशी घडवायचे ठरविले. ही बातमी फुटताच संतप्त चाहत्यांच्या पत्रांचा फोर्डच्या कचेरीवर पाऊस पडला. कंपनीने माघार घेतली. तयार झालेली जपानी वळणाची गाडी ‘प्रोब’ या नावाने १९८८ मध्ये बाजारात आली आणि काही वर्षांत विस्मृतीत गेली. मस्टँग मात्र मागच्या चाकांच्याच बळावर धावत राहिली. ग्राहकांनी आपल्या आवडत्या वस्तूचे भवितव्य बदलल्याची अशी उदाहरणे उद्योगाच्या इतिहासात थोडीच आहेत.

१९९४ च्या चौथ्या पिढीत गोलाईदार रेषा आल्या आणि जुन्या मस्टँगच्या खुणाही परतल्या. १९९६ पासून जुन्या पाच लिटरऐवजी ४.६ लिटरचे आधुनिक इंजिन बसू लागले. २००३ च्या ‘कोब्रा’ आवृत्तीत सुपरचार्जरच्या मदतीने ३९० अश्वशक्ती मिळत होती.

भूतकाळातून भविष्य

२००५ च्या पाचव्या पिढीने मस्टँगला पुन्हा मूळ चेहरा दिला. साठीच्या दशकातील लांब नाक, तिरके दिवे, बाजूवरची खोलगट घडी आणि मागचे तीन-तीन उभे दिवे नव्या घडणीत अवतरले. या पिढीचे प्रमुख अभियंता हाउ थाय-टँग यांचा जन्म व्हिएतनाममधला. अमेरिकेच्या अत्यंत अमेरिकी मोटारीचा पुनर्जन्म एका निर्वासित आशियाई कुटुंबातील अभियंत्याच्या हातून व्हावा, हेही त्या देशाच्या घडणीला साजेसेच.

यानंतर ताकदीचा आलेख उभा चढत गेला. २००७ च्या शेल्बी ‘जीटी ५००’ मध्ये ५०० अश्वशक्ती होती. २०१३ च्या आवृत्तीत ती ६६२ वर गेली. २०११ मध्ये ‘कायोटी’ या टोपणनावाने ओळखले जाणारे पाच लिटरचे नवे इंजिन साध्या ‘जीटी’मध्ये आले आणि सुपरचार्जरविना ४१२ अश्वशक्ती देऊ लागले. सत्तरीच्या दशकातील तेवढ्याच आकाराच्या इंजिनापेक्षा ही ताकद तिपटीच्या आसपास, आणि धूर त्याच्या कितीतरी कमी. प्रदूषणाच्या कायद्यांनी शक्तीची मोटार संपेल, हे भाकीत अभियंत्यांनी चार दशकांत खोटे ठरविले. संगणकाने नियंत्रित झडपा, अचूक इंधनफवारणी आणि एक्झॉस्टमधील उत्प्रेरक यांमुळे हे साधले.

स्टिअरिंगची बाजू

मस्टँगच्या पहिल्या पन्नास वर्षांत एक गोष्ट बदलली नव्हती. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचे स्टिअरिंग डाव्या बाजूला असे. रस्त्याच्या डाव्या अंगाने चालणाऱ्या देशांत ती हवी असेल तर ती आयात करून कापून-जोडून बदलून घ्यावी लागे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या स्थानिक कंपनीने १९६५-६६ च्या सुमारास सुमारे दोनशे गाड्यांचे असे रूपांतर केले होते. जर्मनीत अडचण वेगळीच होती. तेथे ‘मस्टँग’ या नावाचा हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने ही गाडी अनेक वर्षे ‘टी-५’ या रुक्ष नावाने विकली गेली. एकंदरीत मस्टँग ही घरच्या बाजारासाठीच घडविलेली मोटार होती.

डिसेंबर २०१३ मध्ये सादर झालेल्या सहाव्या पिढीने हे चित्र पालटले. उजव्या बाजूचे स्टिअरिंग असलेली मस्टँग प्रथमच मूळ कारखान्यातूनच, मिशिगन राज्यातील फ्लॅट रॉक येथून, बाहेर पडू लागली. मागच्या दोन चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल जाऊन प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. सरळ रस्त्यावर सुसाट, पण वळणावर व खड्ड्यांवर अडखळणारी, हा मस्टँगवरचा जुना आक्षेप त्यामुळे दूर झाला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका अशी बाजारपेठ खुली झाली आणि त्याच वाटेने भारताचे दारही उघडले.

मुंबईचे अमेरिकी पर्व

अमेरिकी मोटार मुंबईला नवी नव्हती. फोर्डने १९२६ साली भारतात कंपनी स्थापन केली. ही कंपनी कॅनडातील फोर्डची शाखा होती, कारण साम्राज्यांतर्गत व्यापारात कॅनडाहून माल आणणे सोयीचे होते. मुंबईसह मद्रास व कलकत्ता येथे तिच्या गाड्यांची जुळणी होत असे. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडी येथे १९२८ मध्ये सुरू झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर काढल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईच्या रस्त्यांवर अमेरिकी मोटारींचेच राज्य होते.

१९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण बदलले. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करावे, अन्यथा काम थांबवावे, असा त्याचा आशय होता. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यामुळे १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये मस्टँगवर उड्या पडत होत्या, तेव्हा मुंबईकर फियाटसाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होता. त्या वेळच्या ४ रुपये ७६ पैसे या विनिमय दराने मस्टँगची किंमत अवघी सव्वाअकरा हजार रुपये होत होती. अडसर किमतीचा नव्हता, परवान्याचा होता.

फोर्ड परतली ती उदारीकरणानंतर, आणि तीही महाराष्ट्रमार्गे. १९९५ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाबरोबर भागीदारी होऊन ‘एस्कॉर्ट’ या मोटारीची जुळणी नाशिकच्या कारखान्यात सुरू झाली. पुढे कंपनीने चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना उभारला. १ एप्रिल २००१ पासून संपूर्ण तयार मोटारींच्या आयातीवरील संख्यात्मक बंधने उठली; मात्र अटी राहिल्या. आयात होणाऱ्या नव्या गाडीचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे, वेगदर्शक किलोमीटरमध्ये असावा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला अनुरूप असावा आणि गाडी ठरावीक बंदरांतूनच यावी, अशा त्या अटी. पहिल्याच अटीने मस्टँगला आणखी पंधरा वर्षे वेशीबाहेर ठेवले.

पुण्याची टेकडी ओलांडून

नवी मोटार भारतात विकण्यापूर्वी तिची येथील नियमांनुसार तपासणी व्हावी लागते. पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, ही त्यासाठीची एक प्रमुख संस्था. वेताळ टेकडीवरील तिच्या प्रयोगशाळांत धूर, आवाज, ब्रेक, दिवे यांच्या चाचण्या होतात. मस्टँगही याच मार्गाने आली. २८ जानेवारी २०१६ रोजी नवी दिल्लीत ती सादर झाली आणि जुलै २०१६ मध्ये विक्रीस खुली झाली.

भारतात फक्त पाच लिटरची आठ सिलिंडरची ‘जीटी’ आणि सहा गिअरची स्वयंचलित यंत्रणा एवढा एकच पर्याय होता. इंजिनाची ताकद होती ३९५ अश्वशक्ती; अमेरिकेतील त्याच गाडीत ती ४३५ होती. दिल्लीतील शोरूमची किंमत ६५ लाख रुपये. अमेरिकेत तीच ‘जीटी’ सुमारे ३२ हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २२ लाख रुपयांना मिळत होती. फरकाचे मुख्य कारण आयात शुल्क. मोठ्या इंजिनाच्या तयार मोटारीवर मूळ शुल्कच शंभर टक्के होते; त्यावर इतर कर निराळे. त्यानंतर राज्याचा वाहनकर. परदेशी मोटारींवरील या कराचा बोजा टाळण्यासाठी अनेक धनिक गाड्यांची नोंदणी परराज्यांत करतात, हे लक्षात आल्यावर महाराष्ट्राने २०१७ मध्ये एकरकमी कराला वीस लाख रुपयांची कमाल मर्यादा घातली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती तीस लाख करण्यात आली.

मस्टँगच्या इतिहासातील मोठा विरोधाभास येथेच दिसतो. साडेचार महिन्यांच्या पगारात मिळणारी कारकुनांची आणि विद्यार्थ्यांची गाडी म्हणून जी जन्मली, तीच मुंबईत पोहोचली तेव्हा उपनगरातील एखाद्या लहान सदनिकेच्या किमतीची चैन बनली होती. गाडी तीच, घोडा तोच. बदलला तो समाजातील तिचा अर्थ. अमेरिकेत ती पहिल्या नोकरीचे स्वप्न होती, येथे ती यशाच्या शिखरावरची पताका ठरली.

वेग आणि वाट

आणखी एक प्रश्न उरतो तो वाटेचा. सुमारे ४.८ मीटर लांब आणि आरशांखेरीज १.९ मीटरहून अधिक रुंद असलेली ही मोटार लोकमान्य टिळक मार्गाच्या बाजारगर्दीतून नेणे आणि जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात उभी करणे हे कसबच. जमिनीपासूनची तिची उंची सुमारे १३७ मिलिमीटर. साध्या कौटुंबिक मोटारींतही ती १६० ते १७० च्या घरात असते. म्हणजे सोसायटीच्या दारातला गतिरोधकही येथे विचार करून ओलांडावा लागतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. समृद्धी महामार्गावर ती १२०. एवढा वेग आज दहा-बारा लाखांची गाडीही सहज गाठते. चारशे अश्वशक्तीचा उपयोग सार्वजनिक रस्त्यावर कायद्याच्या चौकटीत होऊच शकत नाही. त्यातही सारी ताकद मागच्या दोन चाकांना मिळत असल्याने पावसाळी, निसरड्या रस्त्यावर नवख्या पायाने पेडल दाबले की मागचा भाग घसरू लागतो. आधुनिक गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बऱ्याच अंशी सावरते. पण भौतिकशास्त्राचे नियम कोणतीही यंत्रणा रद्द करू शकत नाही. अशी मोटार बाळगणाऱ्याने तिचा वेग बंद शर्यतमार्गावर अजमावावा, हा जगभरचा शहाणपणाचा संकेत. महाराष्ट्रात असे कायमस्वरूपी मोठे शर्यतमार्ग फारसे नाहीत. अनेकदा चेन्नई किंवा कोइमतूर गाठावे लागते. शक्तिशाली गाड्या वाढत आहेत आणि त्या चालविण्याची जागा व शिक्षण मात्र वाढत नाही, ही चिंतेची बाब होय.

परतीचा रस्ता आणि पुढे

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-६’ प्रदूषण मानके लागू झाली आणि मस्टँग भारतीय विक्रीयादीतून बाहेर पडली. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील मोटार उत्पादन थांबवीत असल्याची घोषणा केली. मस्टँगसारख्या निवडक गाड्या आयात करून विकण्याचा मनोदय त्या वेळी कंपनीने व्यक्त केला. पण शोरूमचे जाळेच आवरले गेल्यावर तो मागे पडला. त्यामुळे २०१६ ते २०२० या जेमतेम चार वर्षांत अधिकृतपणे आलेल्या गाड्या हेच मस्टँगचे भारतातील मुख्य धन.

अमेरिकेत ती धावतेच आहे. ८ ऑगस्ट २०१८ रोजी एक कोटीवी मस्टँग तयार झाली. २०२० च्या ‘जीटी ५००’ ने ७६० अश्वशक्ती गाठली. सप्टेंबर २०२२ मध्ये सातवी पिढी सादर झाली. तिच्या ‘डार्क हॉर्स’ आवृत्तीत सुपरचार्जर नसलेल्या पाच लिटरच्या इंजिनातून ५०० अश्वशक्ती मिळते, तर शर्यतीच्या गाडीवरून घडविलेल्या ‘जीटीडी’त ८१५. या ‘जीटीडी’ने २०२४ मध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंगची सुमारे २१ किलोमीटरची अवघड फेरी सात मिनिटांच्या आत पूर्ण केली. दरम्यान प्रतिस्पर्धी ‘कॅमेरो’चे उत्पादन थांबले आणि डॉज ‘चॅलेंजर’नेही निरोप घेतला. साठ वर्षे अखंड चाललेली ही एकटीच.

दुसरीकडे २०१९ मध्ये फोर्डने ‘मस्टँग माख-ई’ ही विजेवर चालणारी, चार दरवाजांची, उंच बांध्याची गाडी आणली. तिला मस्टँग हे नाव देण्यावरून चाहत्यांत वादळ उठले. ‘प्रोब’च्या वेळी झालेल्या वादाचीच ही पुढची आवृत्ती म्हणता येईल, फरक इतकाच की, या खेपेस कंपनीने जुनी गाडी काढून न घेता नवी तिच्या शेजारी उभी केली.

मस्टँगच्या साठ वर्षांतून एक सूत्र स्पष्ट दिसते. ज्या ज्या वेळी ही मोटार नुसती मोठी आणि भारी होत गेली, त्या त्या वेळी ग्राहक दुरावला. ज्या ज्या वेळी ती काळाच्या मागणीपुढे झुकली पण आपली ओळख राखून राहिली, त्या वेळी ती तरली. तेलटंचाईत ती लहान झाली, प्रदूषणाच्या कायद्यांपुढे स्वच्छ झाली, परदेशी बाजारासाठी तिने स्टिअरिंगची बाजू बदलली. विजेच्या युगात आठ सिलिंडरचा हुंकार किती काळ ऐकू येईल, हे पेट्रोलचा भाव आणि जगभरची प्रदूषण धोरणे ठरवतील. तोवर द्रुतगती महामार्गावर तो कधी कानी पडलाच, तर त्यामागे इंजिनाइतकाच साठ वर्षांचा हा इतिहासही धावत असतो.

मस्टँगच्या सात पिढ्या

पहिली (१९६४-७३) : फाल्कनच्या पायावर उभी, शेल्बी व ‘बॉस’ आवृत्त्या.
दुसरी (१९७४-७८) : लहान बांधा; तेलसंकटातील तारणहार.
तिसरी (१९७९-९३) : ‘फॉक्स बॉडी’; पाच लिटर इंजिनाचे पुनरागमन.
चौथी (१९९४-२००४) : ४.६ लिटरचे नवे इंजिन, ‘कोब्रा’.
पाचवी (२००५-१४) : मूळ रूपाचे पुनरुज्जीवन, ‘कायोटी’ इंजिन.
सहावी (२०१५-२३) : स्वतंत्र मागील सस्पेन्शन, उजवे स्टिअरिंग, भारतात आगमन.
सातवी (२०२४ पासून) : ‘डार्क हॉर्स’ आणि ‘जीटीडी’.